बाबांनी न चाखलेली बिअर

माझ्या पहिल्या बिअरला गॅस धरला नाही, हे बाबांना बाटली उघडण्याआधीच कळलं होतं. त्यांनी बाटली हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, खिडकीच्या उजेडाकडं धरली, बुचावर अंगठा ठेवून जरा पिळल्यासारखं केलं आणि परत ओट्यावर ठेवली. मी ओपनर लावला. बूच निघालं, पण लोणच्याच्या बरणीचं झाकण निघावं तसं. फुस्स नाही, काही नाही. ग्लासात ओतली तर चहाच्या रंगाचं पाणी. फेसाचा पत्ता नव्हता.

"मेलेली हाय," बाबा म्हणाले आणि पेपर वाचायला बाहेर गेले.

बाबांना हे कळणारच होतं. एमआयडीसीतल्या बिअरच्या कारखान्यात, बाटल्या भरायच्या हॉलमध्ये त्यांची एकतीस वर्षं गेली होती. आणि त्या एकतीस वर्षांत त्यांनी बिअरचा एक थेंब जिभेवर ठेवला नव्हता. आमचं घर बौद्ध. पौर्णिमेला पांढरे कपडे घालून विहारात जायचं, हा उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीचा रिवाज. पंचशील म्हणताना पाचवं शील आलं, मद्यापासून दूर राहण्याचं, की बाबांचा आवाज बाकीच्यांपेक्षा चढायचा. मला लहानपणी वाटायचं, त्यांना कमी ऐकू येतं म्हणून.

कमी ऐकू येत होतं हे खरंच. त्या हॉलमध्ये पट्ट्यावरून हजारो बाटल्या एकमेकींना घासत, आपटत पुढं जायच्या. तिथं माणसं बोलायची नाहीत, हातवारे करायची. पन्नाशीला येईस्तोवर बाबांचा उजवा कान गेला आणि डावा निम्मा राहिला. कानाचं यंत्र आणलं, ते त्यांनी दोन दिवस घातलं आणि कपाटात ठेवून दिलं. "नुसता कालवा ऐकू येतो," म्हणाले. तेव्हापासून आमच्या घरात सगळे ओरडूनच बोलायचे. भाजी काय करायची हेसुद्धा शेजाऱ्यांना आमच्याबरोबरच कळायचं.

अशा घरात मी बिअर करायला घेतली होती.

मी शिकले सूक्ष्मजीवशास्त्र. पुण्यात अन्नपदार्थ तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी करत होते. तिथल्या एका मैत्रिणीला घरी बिअर करायचा नाद होता आणि तिच्या स्वयंपाकघरात मी दोन-तीनदा हाताखाली काम केलं होतं. कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी ऑफिसनं आम्हाला घरून अहवाल लिहायला सांगितलं, तेव्हा मी पुण्याची खोली सोडली आणि दोन बॅगा, एक झाकणाची प्लास्टिकची बादली आणि बूच दाबायचं हातयंत्र घेऊन आईबाबांकडं आले. वय तेहतीस, लग्न नाही. आईला त्या बादलीपेक्षा लग्नाचीच काळजी जास्त होती, म्हणून बादलीकडं तिचं आधी लक्ष गेलं नाही.

बाटल्या मी छावणीतल्या भंगारवाल्याकडून आणल्या. दुकानात बिअरच्या रिकाम्या बाटल्यांचा ढीग होता आणि मी ओढणी सावरत एकेक बाटली उचलून तोंडाला टवका गेलाय का बघत होते. म्हातारा दुकानदार बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "बाजी, कित्ते होना?"

"अठरा."

"शरबत भरतें क्या?"

"हां, शरबतच," मी म्हणाले. त्यानं मान हलवली. त्याला काही ते पटलेलं दिसलं नाही, पण बाटल्या त्यानं कागदात गुंडाळून नीट पिशवीत भरून दिल्या.

बादली मी माझ्या खोलीत, पलंगाच्या कोपऱ्याशी ठेवली. सातूचा अर्क, हॉप्सची कडवट वाळली फुलं, पाणी आणि यीस्ट. झाकणाला एक छोटी पाण्याची नळी होती, आतला गॅस तिच्यातून बाहेर पडायचा. दुसऱ्या दिवसापासून ती गुडगुडायला लागली. बाबांना ते ऐकू यायचा प्रश्नच नव्हता. आईला मात्र आलं.

"तुझ्या खोलीत काय गुडगुडतंय गं?"

"प्रयोग आहे ऑफिसचा."

आई आत आली, वाकली, नाक लावलं. तिनं एकतीस वर्षं बाबांचे कारखान्याचे निळे कपडे धुतले होते. तो आंबूस, भिजल्या धान्याचा वास तिला मी सांगायची गरज नव्हती. ती तशीच उभी राहिली आणि मग बैठकीत जाऊन, बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अवो, तुमची पोरगी घरात बिअर काढायलीय!"

तेव्हा समोरच्या घराची खिडकी उघडल्याचं मला अजून आठवतं.

बाबा आले. त्यांनी बादलीवर तळहात ठेवला. आत यीस्ट काम करत असली की बादली किंचित कोमट लागते. हात तसाच ठेवून ते म्हणाले, "मला इचारलं असतंस तर मी नाय म्हनलो असतो. म्हनूनच नाय इचारलं ना?"

"व्हय," मी म्हणाले. त्यांना ऐकू गेलं नसावं, पण त्यांनी ओठ वाचले. हॉलमध्ये सगळे तसंच करायचे. ते निघून गेले आणि पुढचे दहा-बारा दिवस त्या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत. मी एकटीनंच बाटल्या भरल्या, एकटीनंच बुचं दाबली आणि पुढं ती पहिली बाटली मेलेली निघाली.

त्या दुपारी बाबांनी पेपर वाचला की नुसता समोर धरला, कोण जाणे. अर्ध्या तासानं ते परत स्वयंपाकघरात आले. ओट्यावरच्या बाटल्या त्यांनी एकेक करून उचलल्या आणि प्रत्येकीचं बूच अंगठा आणि पहिल्या बोटात धरून फिरवून पाहिलं. उरलेल्या सतरापैकी अकरा बुचं फिरली.

"बूच फिरता कामा नये," ते म्हणाले. "फिरलं म्हंजे गॅस गेला. तू दाबती ते एका अंगानं दाबती. सरळ दाबायचं. ठेवल्या कुठं होत्या?"

"फ्रिजमध्ये."

"भरल्या भरल्या?"

"ऊन फार आहे ना, म्हणून..." आणि बोलता बोलताच मी कपाळावर हात मारून घेतला. यीस्ट गारव्यात झोपते हे मी प्रयोगशाळेत शिकायला येणाऱ्या कॉलेजातल्या पोरींना शिकवलंही होतं. बाटलीत साखर घालायची, ती साखर यीस्टनं खायची, त्यातून गॅस व्हायचा, आणि तो बुचाखाली अडकून बिअरमध्ये मुरायचा. मी साखर घातली आणि खाणाऱ्यालाच झोपवलं.

हे मी बाबांना ओरडून, हातवारे करून समजावलं. त्यांना नवलच वाटलं. कारखान्यात गॅस पाइपातून यायचा, मोजून, यंत्रानं. बाटलीच्या आत गॅस तयार होतो, हे त्यांना माहीत नव्हतं.

"म्हंजे बाटलीत कुनी तरी जित्तं असतं?" त्यांनी विचारलं.

"असतं."

"आन् त्याला जेवाय दिलं की ते श्वास सोडतं."

"तसंच समजा."

ते हसले. निवृत्त झाल्यापासून ते माझ्यासमोर असे हसल्याचं मला आठवत नव्हतं. निवृत्तीनंतर त्यांचा दिवस सरत नसे. पहाटे उठून ते अजूनही कारखान्याच्या वेळेला आंघोळ करायचे आणि मग कपडे घालून नुसते बसून राहायचे.

दुसऱ्या खेपेला त्यांनी मदत केली असं म्हणता येणार नाही. ते फक्त खुर्ची घेऊन माझ्या मागं बसले. एप्रिल होता. खोलीत ऊन शिरायचं, बादली जोरात गुडगुडली आणि चारच दिवसांत शांत झाली. मला वाटलं, झालं काम. मी घनता मोजायची काचेची नळी बादलीत एकदा सोडली, आकडा बरा वाटला, आणि बाटल्या भरायला घेतल्या. पहिल्या खेपेला गॅस नव्हता म्हणून या वेळी प्रत्येक बाटलीत चमच्यानं साखर घातली, तीही जरा हात सैल सोडून. बुचं मात्र बाबांनी तपासली. एकही फिरलं नाही.

बाटल्या ठेवायच्या कुठं? आईनं धान्याच्या पत्र्याच्या कोठीमागची जागा दिली. मी त्या तिथं लावल्या, तेव्हा बाबांनी कपाटातून एक जुनी जाड गोधडी काढली आणि बाटल्यांवर दुहेरी घडी करून टाकली.

आई ओरडली, "माझ्या आईनं शिवलेली हाय ती!"

"असू दे. बाटलीवर भरवसा नाय ठेवायचा," बाबा म्हणाले. त्यांच्या डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत एक पांढरी रेघ आहे. लहानपणी मी तिच्यावरून बोट फिरवायचे. ती कशी पडली हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

आठव्या दिवशी दुपारी, जेवणं आटोपून आई कोठीजवळच बसून गहू निवडत होती. मी आतल्या खोलीत अहवाल लिहीत होते. एकदम दणका झाला. सिलिंडर फुटल्यासारखा. मी पळत आले तर आई सूप टाकून भिंतीला पाठ लावून उभी, चेहरा पांढराफटक, आणि गहू सगळ्या फरशीवर. गोधडी फुगून वर उचलली गेली होती आणि तिच्यातून फेस गळत होता. काच तुकडाभरसुद्धा बाहेर आली नव्हती. सगळी गोधडीत अडकली होती.

बाबांना दणका ऐकू आला नव्हता. पण खुर्चीत बसल्या बसल्या पायाखालची फरशी हादरलेली त्यांना कळली असावी. ते दारात आले, गोधडीकडं पाहिलं आणि पहिल्यांदा आईचे दोन्ही हात हातात घेऊन उलटसुलट करून बघितले. मग तिचे पाय. मग मानेवर, केसांत. कुठं काही लागलेलं नाही याची खात्री झाल्यावर ते खाली बसले.

तोपर्यंत गल्ली दारात जमली होती. तोंडावर मास्क, पण डोळे मोठे. शेजारच्या काकूंनी विचारलं, "गॅस फुटला का हो?" आणि मग वास आला. सगळ्यांनाच आला. कुणीतरी मागून म्हणालं, "दारू काढायलेत की काय घरात?"

मी काही बोलणार, तेवढ्यात बाबा उठले. ते दारात गेले आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "पोरीचा प्रयोग हाय. बिअर हाय. चूक झाली, पुन्हा होनार नाय. कुनाला काय बोलायचं असंल तर मला बोला, तिला नाय."

लोक हळूहळू पांगले. गल्लीत त्यांच्याइतका निर्व्यसनी माणूस दुसरा नव्हता, त्यामुळं बोलणार तरी काय?

उरलेल्या सतरा बाटल्यांचं करायचं काय, हा मोठा प्रश्न होता. त्या कधीही फुटल्या असत्या. बाबांनी मोटारसायकलचं हेल्मेट घातलं, थंडीतलं जाड जाकीट घातलं, हातात आईचे कापडी हातमोजे चढवले आणि एप्रिलच्या उन्हात एकेक बाटली ओल्या पोत्यात गुंडाळून गच्चीवर नेली. मला त्यांनी जिन्याच्या दाराआडच उभं केलं. बर्फाच्या पाण्यात बाटल्या बुडवून ठेवल्या, कारण गार झाली की गॅस जरा शांत बसतो, एवढं मी सांगितलं होतं. मग पोत्यातूनच बूच थोडं उचलायचं, परत दाबायचं, परत उचलायचं. काही बाटल्यांतून पाच फूट फवारा उडाला. काहींतून मात्र साधारणच फेस आला. साखर चमच्यानं घातली होती, त्यामुळं कुठं जास्त पडली, कुठं कमी. आणि मुळात बादलीतलं काम संपलंच नव्हतं. मी एकदाच मोजलं होतं. बादलीतली शिल्लक साखर आणि वरची चमचाभर, असं दुहेरी जेवण त्या यीस्टला बाटलीत मिळालं होतं.

खाली आले तेव्हा बाबा हेल्मेटसकट घामानं भिजले होते, आणि अंगाला तोच वास होता. आईनं त्यांच्याकडं पाहिलं. ती आता चिडेल असं मला वाटलं. पण ती म्हणाली, "दोन वरसांनी तुमच्या अंगाला कारखान्याचा वास आला." आणि मग तिला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही.

मी ठरवलं होतं की पुरे आता. बादली धुऊन पालथी घातली. तिसऱ्या खेपेचं बाबांनीच काढलं. चार-पाच दिवसांनी संध्याकाळी ते माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, एकदा बरोबर करून बघू. एकदाच. मंग बंद."

"शेजारी?"

"शेजाऱ्यांना फुटलेली म्हाईत हाय. चुकलेलं काम तसंच ठिवून उठायचं, हे मला जमत नाय."

मग ती खेप आम्ही दोघांनी केली. मला यीस्टची माहिती होती, त्यांना बाटलीची. बादली गुडगुडायची थांबली तरी आम्ही हात लावला नाही. मी रोज घनता मोजायचे आणि बाबा आकडा स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर, दुधाच्या नोंदीशेजारी, पेन्सिलीनं लिहायचे. आकडा घसरत घसरत एका जागी आला आणि सलग तीन दिवस हलला नाही, तेव्हा बाबांनी मान डोलावली. साखर या वेळी चमच्यानं नाही. बारा लिटरला ऐंशी ग्रॅम, सोनाराच्या निगुतीनं तोलून, थोड्या पाण्यात उकळून, गार करून सगळ्या बिअरमध्ये एकदमच मिसळली, हलक्या हातानं, बुडबुडे न आणता. म्हणजे सगळ्या बाटल्यांना सारखंच जेवण.

भरताना बाबा बाटलीच्या मानेवर दोन बोटं आडवी धरायचे. एवढी जागा मोकळी. जास्त नको, कमीही नको. बुचं त्यांनी स्वतः दाबली. यंत्राचे दोन्ही दांडे एकदम, एकसारखे खाली. प्रत्येक बुचाला अंगठा लावून फिरवून पाहिलं. मी त्यांच्या हातांकडं बघत होते. ते हात एकतीस वर्षं काय करत होते, हे मी पहिल्यांदाच बघत होते. आम्ही भावंडं शाळेत होतो तेव्हा "बिअरवाल्याची पोरं" म्हणून चिडवलं जायचं आणि बाबा काय करतात असं कुणी विचारलं की मी "कंपनीत आहेत" एवढंच सांगायचे.

एक बाटली मी मुद्दाम प्लास्टिकची भरली, सोड्याची. काचेच्या बाटलीत काय चाललंय ते कळत नाही. प्लास्टिकची दाबून बघता येते. गॅस धरत गेला की ती कडक होते. ही युक्ती बाबांना इतकी आवडली की ती बाटली त्यांचीच झाली. कान नसलेल्या माणसाला हातानं ऐकता आलं. सकाळी आंघोळ झाली की ते आधी जाऊन ती दाबायचे आणि आईला बातमी द्यायचे. "आज पेरूसारखी हाय." "आज कच्च्या कैरीसारखी."

मे महिना होता. घरात एकच कूलर. बाबांनी बाटल्या गोधडीखाली, वर उलटा लोखंडी टब घालून, कूलरच्या वाऱ्यात ठेवल्या.

"मानसं उकडून मरायलीत," आई म्हणाली, "आन् बाटल्या कूलरम्होरं!"

"पंधरा दिवस कळ काढ," बाबा म्हणाले.

पंधराव्या दिवशी प्लास्टिकची बाटली दगडासारखी झाली. दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवून, एका संध्याकाळी ऊन उतरल्यावर आम्ही तिघं गच्चीवर बसलो. बाबांनीच बाटली उघडली. मला फुस्स ऐकू आलं, छोटं आणि स्वच्छ. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली. ग्लास तिरका धरून त्यांनी ओतली आणि शेवटी सरळ केला. दोन बोटं फेस आला आणि राहिला. तळातून बारीक बुडबुड्यांच्या सरी वर चढत होत्या, न थांबता. बाबांनी चष्मा पुसला आणि ग्लास डोळ्यांसमोर धरून किती तरी वेळ बघितलं. मग त्यांनी ग्लासाचं तोंड गालाजवळ नेलं. फुटणाऱ्या बुडबुड्यांचे कण गालावर उडत होते.

"बारीक हाय," ते म्हणाले. "टोचत नाय. चांगला मुरलाय." आणि ग्लास माझ्याकडं दिला. "घे. चव कशी हाय ते सांग."

मी घोट घेतला. आईवडिलांसमोर बिअर पिताना अवघडल्यासारखं झालं, ते लपवणार नाही. मी सांगायचा प्रयत्न केला. आधी जरा गोडसर, भाजलेल्या धान्याची. मग कडू, पण कारल्यासारखं नाही, संत्र्याच्या सालीसारखं. आणि गॅसमुळं ते कडूपण जिभेवर न रेंगाळता निघून जातं.

ते मन लावून माझे ओठ वाचत होते. "एवढ्या वरसांत कुनाला इचारलं नव्हतं," ते म्हणाले.

तेव्हा मला धीर आला आणि लहानपणापासून मनात असलेलं मी विचारलं. विहारात बाबा नेहमी शेवटच्या रांगेत, दाराशी बसायचे. ऐकू येत नाही तर माणूस पुढं बसतो. ते मागं का बसायचे?

आई म्हणाली, "जाऊ दे गं." पण बाबांनी हात वर करून तिला थांबवलं.

"नोकरी लागली त्या साली एक म्हातारे गृहस्थ मला म्हनले, तू दारू भरतो आन् हितं येऊन शील म्हनतो, कसं व्हायचं? मी म्हनलो, मी पीत नाय. ते म्हनले, पीत नाय, पन पाजतो की. खोटं नव्हतं त्यांचं. गावाकडं फुलंब्रीला जमीन भावाभावांत पुरंना, हितं पगार व्हता, पुढं तुमच्या शाळा व्हत्या. नोकरी सोडाय नाय जमली. मंग म्हनलं, मागं बसावं."

"कुणी सांगितलं होतं का मागं बसायला?"

"नाय. कुनीच नाय. ते गृहस्थ तर नंतर सोता हाताला धरून पुढं न्यायला आलते. मीच नाय गेलो."

मला माझ्या हातातल्या ग्लासाचं काय करावं कळेना. तो खाली ठेवला तर त्यांच्या कामाचा अपमान वाटला असता, आणि पिणंही अवघड. शेवटी बाबाच म्हणाले, "पी. गॅस जाईल."

त्या खेपेच्या बाटल्या मी महिनाभर पुरवून प्यायले. सगळ्या सारख्या निघाल्या. बाबांनी म्हटल्याप्रमाणे ते तिथं बंदही झालं. "परवाना लागतो याला," ते म्हणाले, "आमच्या दारावर सरकारी सील असायचं, मला म्हाईत हाय." मी वाद घातला नाही.

जूनच्या तोंडाला फुलंब्रीहून धाकटे काका मोटारसायकलवर पोतंभर अद्रक घेऊन आले. आमच्याकडं आल्याला अद्रकच म्हणतात. काकांच्या शेतात त्या वर्षी ते भरपूर निघालं होतं. आई म्हणाली, एवढ्याचं करू काय? आणि बाबांनी माझ्याकडं बघितलं.

"बाई, याला गॅस धरंल का?"

धरेल, मी म्हणाले. अद्रक, गूळ, लिंबू आणि चिमूटभर यीस्ट. दोन दिवस बाटलीत, मग लगेच फ्रिजमध्ये. यीस्टला काम करायला वेळच द्यायचा नाही, नुसता गॅस घ्यायचा. बाबांनी एकच विचारलं, "नशा?" मी म्हणाले की पावाच्या पिठातही यीस्ट असते, तितपतच. त्यांनी ते लगेच मान्य केलं नाही. मी पुण्याला परत गेले तेव्हा दोन बाटल्या बर्फात घालून सोबत नेल्या, प्रयोगशाळेत तपासल्या आणि आकडा फोनवर आईला सांगितला. आईनं तो त्यांना ओरडून सांगितला. मग बाटली उघडल्याचा आवाज आला, आणि बाबांचा ठसका.

"लई तिखट हाय," ते आईला सांगत होते. "गूळ वाढवाय पायजे."

पुढची तीन वर्षं हिवाळ्यात घरी अद्रकाच्या बाटल्या भरल्या गेल्या. काकांच्या मुलीच्या लग्नात फुलंब्रीच्या मांडवात बाबांनी दोनशे बाटल्या भरून नेल्या आणि दिवसभर एका टेबलामागं उभे राहून स्वतः उघडून दिल्या. लोक रांग लावून येत होते, पोरं तिसऱ्यांदा येत होती, आणि बाबा प्रत्येकाला विचारत होते, "चव कशी हाय?" उत्तर ऐकू येत नव्हतं, म्हणून ते सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होते. मी त्यांच्याशेजारी उभी राहून ग्लास धुवून देत होते. कुणी तरी पाहुण्यानं विचारलं, हे कुठं शिकले? मी म्हणाले, बिअरच्या कारखान्यात होते, एकतीस वर्षं.

आता त्यांची बोटं आखडली आहेत. यंत्राचे दांडे एकदम खाली येत नाहीत. गेल्या हिवाळ्यात आईनंच बाटल्या भरल्या, चोवीस, आणि त्यातल्या चार-पाचांना गॅस कमी धरला. तिनं फोनवर सांगितलं की बाबांनी त्या बाजूला काढून ठेवल्या आहेत, कुणाला देऊ देत नाहीत, आणि तिच्याशी सकाळपासून बोलत नाहीत. मी म्हणाले, त्यांच्याकडं फोन दे. आईनं दिला. मी काय बोलले ते त्यांना ऐकू गेलं नाही, त्यांनी त्यांचंच सांगितलं. तू येशील तवा बुचं आपन दोघं दाबू, म्हणाले, तुझी आई एका अंगानं दाबती.